रिकाम्या झाडांची नोंद

परवा एक विद्यार्थी माझ्या खोलीत आला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, “मॅम, शिफारसपत्राचा ड्राफ्ट मीच करून आणलाय. तुम्ही फक्त सही करा.” पोरगा हुशार, नम्र, त्याचा काडीचाही दोष नव्हता. माझे कष्ट वाचवावेत एवढाच त्याचा हेतू. मी त्याच्यावर अशी काही ओरडले की शेजारच्या खोलीतल्या बाई धावत आल्या. संध्याकाळी फोन करून मी त्याची माफी मागितली आणि त्याचं पत्र स्वतः बसून लिहिलं. पण एवढं चिडायचं कारण काही मला त्याला सांगता आलं नाही. इतक्या वर्षांचा राग फोनवर कसा सांगणार? तो इथे सांगते.

मी परदेशी शिकायला जाण्याआधीच्या शेवटच्या वर्षाची ही गोष्ट. आम्ही असल्फ्याच्या डोंगरावर राहत होतो. घाटकोपर म्हटलं की लोकांना मॉल आणि फरसाणाची दुकानं आठवतात. आमचं घाटकोपर म्हणजे एकशे बारा पायऱ्या आणि त्यांच्या टोकाला पत्र्याचं माडीघर. खाली रस्त्यावरून मेट्रो गेली की आमच्या मांडणीवरची भांडी बारीक किणकिणायची आणि आई न बघता हात लावून ती थांबवायची. बाबा अंधेरीला एका कार्यालयाच्या इमारतीत कंत्राटी इलेक्ट्रिशियन होते. आजोबा गिरणीत होते, ती गिरणी गेली. बाबांना नोकरी लागली, तीही दर वर्षी नव्याने लागायची. त्यामुळे ‘कायम’ हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा उच्चारला जायचा. आई मालवणी मसाला करून विकायची. एप्रिल लागला की पत्र्यावर मिरच्या वाळत, आणि सगळी ओळ खोकायला लागे. खालच्या घरातल्या काकी रोज शिव्या देत आणि मे महिन्यात निमूटपणे दोन किलोची ऑर्डर देत.

मसाल्याचे जिन्नस निवडायचं काम माझं. धणे, बडीशेप, त्रिफळं, आणि दगडफूल. काळपट, करकरीत, कागद जाळल्यासारखं दिसणारं ते दगडफूल मी लहानपणापासून हातानं झटकत आले होते, पण ते काय असतं हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणायची, “दगडावरचा फूल. आणि काय असतला?” हे फूल नव्हेच, एक बुरशी आणि एक शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार आहे, आणि जिथली हवा खराब तिथे हा संसार टिकत नाही, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला परेरा मिसनी सांगितलं. मी घरी येऊन आईला सांगितलं. आईने हातातलं दगडफूल उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, “म्हणजे बापडा माझ्यापेक्षा नाजूक.”

परेरा मिस मरोळच्या गावठाणातल्या. त्यांचे पूर्वज तिथे भातशेती करायचे. आता शेताच्या जागी हॉटेलं उभी आहेत आणि गावठाणात जुनी घरं आणि एक क्रूस उरला आहे. पन्नाशीला टेकलेल्या, काटकुळ्या, पायात नेहमी रबरी चपला. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या ते मराठी, इंग्रजी, हिंदी जे तोंडात येईल त्यात. अकरा वर्षं त्या आमच्या कॉलेजात शिकवत होत्या आणि अकरा वर्षं त्या तिथे नव्हत्या. हे कोडं नाही, ही आपल्याकडची रीत आहे. त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जूनमध्ये नव्याने मुलाखत द्यायची, मिळतील तेवढे तास शिकवायचं, आणि वर्ष संपलं की घरी जायचं. स्टाफरूममध्ये टेबल नाही, कपाट नाही, भिंतीवरच्या यादीत नाव नाही. डबा ठेवायच्या प्रयोगशाळेत, वाळवलेल्या पानांच्या कपाटात. त्यांच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाचा वास त्या पानांना कायमचा लागला होता, आणि मला अजून कुठलंही जुनं हर्बेरियम उघडलं की तो वास यावासा वाटतो.

तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प मी दगडफुलावर करायचा ठरवला. आरेच्या जंगलापासून गोवंडीपर्यंत, वाटेतल्या झाडांच्या खोडांवर कुठे किती दगडफूल आहे ते मोजायचं. मिसनी एका पारदर्शक प्लॅस्टिकवर पेनाने चौकोन आखून जाळी केली. ती खोडाला लावायची आणि भरलेले चौकोन मोजायचे. रविवारी सकाळी त्या चर्चमधून सरळ यायच्या, चांगल्या फ्रॉकवर रबरी चपला. आरेच्या आंब्यांवर जाळी भरून जायची. पवईला निम्मी, आमच्या घाटकोपरला चार-दोन चौकोन, चेंबूरला खरडून खरडून एखादा. गोवंडीला, कचऱ्याच्या डम्पिंगच्या बाजूच्या रस्त्यावर, एकही नाही. पहिलं झाड नाही, दुसरं नाही, सहावं नाही. उन्हाने माझं डोकं उठलं होतं. मी वही मिटली. चहाच्या टपरीवरची बाई केव्हाची आमच्याकडे बघत होती. तिने विचारलं, “क्या ढूंढ रहे हो मॅडम?” मिस म्हणाल्या, “हवा.” ती बाई पदर तोंडाला लावून हसली. “इधर किधर मिलेगी?”

मिसनी मला वही उघडायला लावली. “मिस, आहे काय लिहायला?” मी म्हटलं, “सगळी झाडं रिकामी आहेत.”

“मग तेच लिही. झाड कुठलं, कुठे आहे, घेर किती, आणि शून्य.”

“शून्य काय लिहायचं?”

“अगं, लोक रिकामं झाड सोडून पुढे जातात आणि मग म्हणतात, आम्हाला काही वाईट दिसलं नाही. इथे काही नाही, हे कुणीतरी लिहायला नको?”

त्या दिवशी आम्ही गोवंडीची चाळीस झाडं लिहिली. चाळीस शून्यं. टपरीवालीने आमच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

त्याच प्रकल्पावर मला परदेशातल्या एका विद्यापीठाचा अर्ज करायचा होता. शिष्यवृत्ती मिळाली तर जाणं, नाहीतर नाही. आमच्या पायऱ्यांवरून दुसरा रस्ता उतरत नव्हता. अर्जाला शिफारसपत्र लागायचं. ज्यांनी शिकवलं त्यांनी लिहायचं, आणि ते संस्थेच्या लेटरहेडवर, संस्थेच्या ईमेलवरून यायला हवं. मी सरळ ऑफिसात गेले आणि परेरा मिससाठी लेटरहेड मागितलं. क्लार्कबाईंनी यादीवरून बोट फिरवलं. “त्यांचं नाव नाही इथे. त्या तासावरच्या ना? त्यांना लेटरहेड देत नाहीत. ईमेल पण नसतो त्यांना.”

“पण मला त्यांनीच शिकवलंय.”

“शिकवलं असेल गं. पण लिस्टमध्ये नाहीत ना. हेड सरांना भेट.”

हेड सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. तीन वर्षांत त्यांनी आमचा एक तास घेतला होता, त्यातही निम्मा वेळ प्रोजेक्टर चालू होत नव्हता. त्यांच्या केबिनमध्ये एसी होता आणि भिंतीवर त्यांच्याच सत्कारांचे फोटो. “हां हां बेटा, देऊ ना,” ते म्हणाले. “तू ड्राफ्ट करून आण, मी सही ठोकतो. छान लिही. लाजू नको. आणि मेलचं ऑफिसात सांगून ठेवतो, तिकडून तूच पाठव.” मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, “नाव काय म्हणालीस तुझं?”

ही पद्धत त्यांची एकट्याची नव्हती. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्या पत्राची एक फाइल फिरत असायची; आपलं नाव घालायचं आणि सहीला न्यायचं. ‘माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनातला सर्वोत्तम विद्यार्थी’ असे त्या वर्षी सहा जण निघाले. हार्दिक नावाच्या माझ्या मित्राच्या पत्रात तिसऱ्या परिच्छेदात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव राहून गेलं, तेही सही होऊन गेलं. आम्ही पोटभर हसलो. आपली वाट लागलेली असताना हसायची आपल्याला किती सवय आहे!

मी ती फाइल वापरली नाही, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता. मी खरं लिहायचं ठरवलं. आणि खरं लिहायला बसले तर जे जे खरं होतं ते परेरा मिसचं होतं. ‘मी स्वतः या विद्यार्थिनीला आरेपासून गोवंडीपर्यंत घेऊन फिरलो.’ ‘मोजणीची जाळी मी तिला करून दाखवली.’ सरांच्या तोंडी एकेक वाक्य घालत गेले, आणि मला काही वाटलं नाही. पत्र चांगलं होत होतं ना! माझं इंग्रजी मात्र कच्चं. ते तपासून कोण देणार? ज्यांनी तीन वर्षं माझं सगळं तपासलं, त्याच. मी मेट्रोत बसले, मरोळ नाक्याला उतरले आणि ते पत्र घेऊन थेट परेरा मिसच्या घरी गेले. आज वाटतं, गाढवालाही यापेक्षा अक्कल असते.

त्यांच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या. त्यांच्याकडेही मसाला एप्रिलमध्येच होतो; काळ्या-तपकिरी बाटल्यांत भरून वर्षभर पुरवतात. त्यांची म्हातारी आई सुपात दगडफूल निवडत बसली होती. मला एकदम घरच्यासारखं वाटलं आणि मी पत्र पुढे केलं. मिसनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि वाचायला लागल्या. पहिल्या परिच्छेदानंतर त्या थांबल्या. पेन्सिल कागदावर टेकलेली, हलेना. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी कुणाच्या हातात काय दिलंय.

“मिस, लेटरहेड त्यांच्याकडेच आहे म्हणून...”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “हे वाक्य लांबलंय. तोड.” आणि त्यांनी ते वाक्य तोडलं. मग पुढचं. काळ सुधारले, स्वल्पविराम घातले. गोवंडीपाशी आल्यावर म्हणाल्या, “हे कमी लिहिलंयस. रिकाम्या झाडांची नोंद ठेवली, हे घाल. तेच तर खरं काम.” आणि त्यांनी स्वतःच्या हाताने समासात लिहिलं की, गोवंडीला काहीही न मिळाल्यावर विद्यार्थिनी निराश झाली तेव्हा मी तिला शून्याचं महत्त्व समजावलं. तो ‘मी’ म्हणजे हेड सर. स्वतःचं वाक्य त्यांनी स्वतःच्या अक्षरात त्या माणसाच्या नावावर करून दिलं, आणि मला पेजेबरोबर कोलीम, बारीक सुकी कोळंबी, वाढलं. मी जेवले. हेही लिहायलाच हवं.

घरी आईला सगळं सांगितलं. तिने मसाल्याचा चमचा खाली ठेवला. “शिकयल्यान कोणी?”

“परेरा मिसनी.”

“आणि सही कोणाची? ह्यो खयचो न्याय गे? आणि तो कागद तू त्याच बायेक दाखवक नेलंस? तुका लाज नाय वाटली?”

“अगं, काम होतंय ना,” बाबा मधे पडले. “सगळेच असं करतात.”

“तुमका दर वर्षी नवी चिठ्ठी देतत, तेव्हा तुम्ही पण ह्याच म्हणतास,” आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी आईने पाव किलो मसाला बांधून माझ्या हातात दिला. “ह्या त्या बायेक नेऊन दी.” आणि मी मसाला पोचवला, पत्रही पाठवलं. दोन्ही एकाच दिवशी.

शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. माझा फोटो पासपोर्टएवढा, हेड सरांचा दाराएवढा, खाली ‘यांच्या मार्गदर्शनाखाली’. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा फ्लेक्सवर बसलेला मी पहिल्यांदा बघितला. गुणगौरव समारंभ ठरला, आईबाबांनाही बोलावणं आलं. आदल्या दिवशी परेरा मिसनी मला प्रयोगशाळेत गाठलं. “उद्या तू बोलशील. माझं नाव घेऊ नकोस.”

“का?”

“जूनमध्ये मुलाखत आहे. तास कोण वाटतं, तुला माहीत आहे. शहाणी असशील तर सरांचे आभार मान आणि खाली बस.”

मी मान डोलावली. मनापासून डोलावली, खोटं सांगत नाही.

समारंभात पहिल्या रांगेत कायम शिक्षक, मागे पालक, आणि दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर तासावरचे. हेड सर बोलायला उभे राहिले. आणि म्हणाले, “गोवंडीच्या डम्पिंगपर्यंत मी या मुलीला उन्हात घेऊन फिरलो. चाळीस झाडं! एकावरही काही नाही. मुलगी निराश झाली. तेव्हा मी तिला म्हटलं, बेटा, शून्यसुद्धा लिहायचं असतं.”

त्यांनी पत्र वाचलं होतं. सही करताना नाही, पण नंतर कधीतरी वाचलं होतं, आणि पाठ केलं होतं. समासातल्या त्या ओळीसकट. सभागृहात टाळ्या वाजल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दाराकडे बघितलं. मिस हातातल्या रुमालाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. मला नारळ आणि शाल मिळाली, माइक मिळाला, आणि मी म्हणाले, “सरांनी गोवंडी पाहिलेली नाही. मला तिथे परेरा मिसनी नेलं. जाळी त्यांनी केली. शून्य लिहायला त्यांनी शिकवलं. सरांनी जे आत्ता सांगितलं, ते परेरा मिसचं वाक्य आहे. त्या तिथे दाराशी बसल्या आहेत.”

मग मागून एकाच माणसाच्या टाळ्यांचा आवाज आला, बांगड्यांसकट. ती आई होती. मग हार्दिकने वाजवल्या, मग मुलांनी. हेड सर हसले. असे हसले की, बघा, आजची पिढी किती बिनधास्त! परेरा मिस कधी उठून गेल्या ते मला दिसलंच नाही. त्या संध्याकाळी आईने बांगडा माशाचं झणझणीत तिखलं केलं आणि पायऱ्यांवरच्या सगळ्यांना सांगितलं, “माझ्या चेडवान खरा सांगल्यान.” मी रुबाबात जेवले. एवढं झकास मला आयुष्यात पुन्हा क्वचितच वाटलं असेल. दोन महिन्यांनी मी विमानात बसले.

तिकडून मी मिसना ईमेल लिहायचे. त्यांची उत्तरं यायची, माझ्या चुका सुधारून. माझ्या नव्या प्रयोगशाळेबद्दल त्या शंभर प्रश्न विचारायच्या. कॉलेजबद्दल मी विचारलं की लिहायच्या, ‘सगळं नेहमीसारखं’. दोन वर्षांनी, मास्टर्स संपवून मी पुढच्या संशोधनाला लागले तेव्हा सुट्टीत घरी आले आणि एका सकाळी कॉलेजात गेले. प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं. वाळक्या पानांना नुसता वाळक्या पानांचा वास येत होता.

मी तशीच मरोळला गेले. मिस घरी चार मुलांची शिकवणी घेत होत्या, नववीची पोरं. ती गेल्यावर मी विचारलं, “कधीपासून?”

“तू गेलीस त्याच जूनपासून.”

“तुम्हाला काढलं?”

“काढायला आधी ठेवावं लागतं. मला नाही काढलं. यादीत नाव आलं नाही, एवढंच.”

“माझ्यामुळे.” त्या सतरंजी गुंडाळायला लागल्या. “तुम्ही मला कळवलं का नाही मिस?”

“कळवून तू काय करणार होतीस? परत येऊन आणखी एक भाषण?” मग माझं तोंड बघून त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. “हे बघ, मी तुला नाव घेऊ नकोस म्हटलं होतं. आणि तू घेतलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं. घरी येऊन रडले मी. दोन्ही खरं आहे. आता पाणी पी.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण किती सहज म्हणतो. त्या फाशीचा दोर मी वळून दिला होता, आणि वर तिखलं खाल्लं होतं. हेड सर तोवर उपप्राचार्य झाले होते.

निघताना मिसनी जरा संकोचत विचारलं. अंधेरीच्या एका शाळेत जागा होती, कायमची. त्यांना शिफारसपत्र हवं होतं. “कॉलेज देणार नाही. तुझ्याकडे आता लेटरहेड आहे ना?” होतं. अकरा वर्षं शिकवलेल्या बाईला शिकवता येतं, हे सांगायला तिनेच शिकवलेल्या पोरीचा परदेशी शिक्क्याचा कागद लागत होता. मला तिथे, त्या अंगणात, किंचाळावंसं वाटलं. आजही वाटतं.

“ड्राफ्ट मी करून देऊ?” मिसनी विचारलं. सवयीने.

“नाही,” मी म्हटलं. “मी लिहिणार.”

रात्रीत लिहून सकाळी नेलं. दोन पानं. मिसनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. पहिलं पान वाचलं, पेन्सिल कुठेच टेकली नाही. दुसऱ्या पानाच्या शेवटच्या वाक्यापाशी मात्र टेकली, आणि त्यांनी ते वाक्य शांतपणे, पट्टी लावून खोडलं.

“ते खरं आहे मिस,” मी म्हटलं.

“खरं आहे. पण याने मला नोकरी मिळणार नाही.”

नोकरी मिळाली. निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्या शाळेतल्या मुलांना झाडांपाशी नेलं. आता त्या नाहीत, आणि कुठल्याही जूनच्या यादीशी त्यांना काही देणंघेणं उरलेलं नाही. तेव्हा ते खोडलेलं वाक्य मी इथे परत लिहिते आहे: ‘मला ज्या कामासाठी शिष्यवृत्ती मिळाली ते परेरा मिसनी शिकवलं, ते दुसऱ्याच्या नावावर मी लिहिलं, आणि मी खरं नाव घेतलं त्याची शिक्षा मला नाही, त्यांना झाली.’